हुलग्यांची पिशवी

गंगापूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. साहेबराव यास नानाचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं खुशाल. ऊसतोडीची टोळी परवा फडात उतरली, म्हणून पत्राला उशीर झाला. फोन मी करत नाही, हे तुला ठाऊक आहे. कान गेल्यापासून फोनवर मला फक्त माझंच ओरडणं ऐकू येतं.

सकाळच्या बसच्या कंडक्टरकडं हुलग्यांची पिशवी दिली आहे, पत्र तिच्यातच आहे. तुझ्या वहिनीचा निरोप दर खेपेसारखाच : मूठभर हुलगे रात्री भिजवायचे, सकाळी चार पेले पाण्यात शिजवून एक पेला उरवायचा आणि कोमटच प्यायचा. मूतखडा विरघळतो म्हणते. संकोच करू नको. आमच्या घरी हे कढण रोज सकाळी चुलीवर असतंच, तुझ्यासाठी वेगळा खटाटोप नाही.

एक मात्र खटकलं. वाचनालयाच्या सभेला तू येणार म्हणून चौकात फलक लागला होता. लोक आले, तू आला नाहीस. अंगात ताप असताना तू इथं दीड तास बोलला होतास आणि एकालाही उठू दिलं नव्हतंस. एवढ्याशा खड्यानं तुझं तोंड बंद केलं, हे मला लई अवघड वाटतं. काय असेल ते लिही.

लेक अपेक्षा बाळंतपणाला आली आहे, तिला जप.

आमची माया आहे तेवढीच आहे, तुझ्याकडची कमी होऊ देऊ नको.
नाना


पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर,
१४ नोव्हेंबर

ती. नाना यांस साहेबरावाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पिशवी पोचली. चार महिने तुमचे हुलगे मी निमूट शिजवून प्यालो. नाना, मला मूतखडा नाही. कधीच नव्हता.

दुखणं प्रोस्टेटचं आहे. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, ती. रक्तातला तिचा एक आकडा, पीएसए म्हणतात त्याला, दोन वर्षं चढतो आहे. कॅन्सरची शंका म्हणून दोनदा सुईनं बारा-बारा तुकडे काढले. दोन्ही वेळा काही निघालं नाही, तरी आकडा चढतोच. डॉक्टर म्हणतात, त्या सुया अंदाजानं टोचलेल्या होत्या. आता एक स्कॅन करायचा. शिरेतून किरणोत्सारी औषध देतात, ते कॅन्सरच्या पेशी शोधून त्यांना चिकटतं आणि चित्रात ती जागा उजळते. मग सुई तिथंच घालायची.

मी नाही म्हणून उठून आलो. पुन्हा ते टेबल, पुन्हा ती सुई, आणि खरं लिहितो, आता उत्तरच नको वाटतं. शिवाय औषध अंगात असेल त्या दिवशी गरोदर बाईजवळ जायचं नाही. अपेक्षाला काय कारण सांगू? तीही मूतखडाच समजून आहे.

चाळीस वर्षं मी व्यासपीठावर मूठ आपटून सांगत आलो की बाईला आपलं दुखणं बोलू न देणारी लाज ही खुनी आहे, तिला घराबाहेर काढा. टाळ्या घेतल्या. माझ्याच कमरेखाली दुखणं निघालं तेव्हा त्या लाजेला मी पाट मांडला आणि सख्ख्या भावाला खोटं नाव सांगितलं. तुमच्या सभेत माझा विषय होता खरं बोलण्याचं धैर्य. कोणत्या तोंडानं येणार होतो?

रागवा, पण पत्र बंद करू नका.
साहेबराव


गंगापूर,
१७ नोव्हेंबर

चि. साहेबराव यास आशीर्वाद.

रागावलो. दिवसभर टोळीवर ओरडलो. त्यांचा काही दोष नव्हता, संध्याकाळी चहा पाजला.

वरच्या पट्टीतले दोन बोअर आठवतात? हातावर नारळ धरणाऱ्या पाणाड्याच्या सांगण्यावरून घेतले, दोन्ही कोरडे. मी नाद सोडला होता. तूच शहरातून यंत्रवाला आणलास, बांधावर उभा राहून अंदाजाच्या कारभारावर मला भाषण झोडलंस. पहिल्या बोअरपासून पंधरा पावलांवर पाणी लागलं. तेच आज डॉक्टर सांगतो तर तू उठून येतोस. फरक इतकाच की या बोअरला पाणी लागू नये असं मला वाटतं. पण कोरडा असला तर नीट बघून कोरडा ठरू दे.

अपेक्षाला खरं सांग. ती तुझ्यापेक्षा धीट आहे. स्कॅनच्या दिवशी मी येतो, आपण वरच्या खोलीत राहू. मला आता लेकरू व्हायचं नाही, तेव्हा तुझ्याजवळ बसायला डॉक्टरची हरकत नसावी. तरी विचारून ठेव.

तारीख कळव. दुसरं काही ऐकणार नाही, तसंही मला ऐकू येत नाही.
नाना


पुंडलिकनगर,
१२ डिसेंबर

ती. नाना यांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

स्कॅनच्या दिवशी तुम्ही होता म्हणून मी टिकलो. अपेक्षा जिन्यात ताट ठेवून खालूनच विचारायची की चमकणारे बाबा जेवले का. अजून तेच नाव चालू आहे.

आता निकाल. ग्रंथीच्या पुढच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका उजळला होता. आधीच्या सुया मागच्या बाजूनं गेल्या, तिथवर एकही पोचली नव्हती. या वेळी डॉक्टरांनी स्कॅनचं चित्र सोनोग्राफीच्या पडद्याशी जुळवलं आणि सुई थेट त्या दाण्यावर नेली. पाणी लागलं, नाना. कॅन्सर आहे. पण ग्रंथीतच आहे, बाहेर पसरलेला नाही. सहा जानेवारीला ऑपरेशन. बरं होण्याची आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते उगाच धीर देणारे नाहीत.

त्यांनी आणखी एक विचारलं : सख्खा भाऊ आहे का? हे घराण्यात असू शकतं, त्यांचंही रक्त तपासा म्हणाले. तेव्हा आठवलं, दवाखान्याच्या बाकावर तुम्ही दोन तासांत पाचदा लघवीला उठला होता. मी ते चहावर ढकललं. घरी येऊन तुमचं जुनं पत्र काढलं. त्यात तुम्ही लिहिलं आहे की कढण तुमच्या घरी रोज सकाळी चुलीवर असतंच.

कोणासाठी, नाना?

उत्तराची वाट पाहतो. धाकट्याचा हट्ट समजा.
साहेबराव


गंगापूर,
१५ डिसेंबर

चि. साहेबराव यास आशीर्वाद.

माझ्यासाठी. तीन वर्षं झाली. तुझ्या वहिनीला मी मूतखडा सांगितला होता. दोघांना खोटंही एकच सुचलं, बाप एकच होता आपला.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, शेवटचा प्रश्नसुद्धा. तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं, घासलं आणि पालथं घातलं. मग माझं धुतलेलं धोतर काढून ठेवलं.

येत्या सोमवारी सकाळच्या बसला स्टँडवर ये. कंडक्टरकडं पिशवी मागू नको, या खेपेला मीच उतरेन. डॉक्टरशी मात्र तू बोल. मला ऐकू येत नाही, आणि सांगायला जीभ उचलायची नाही. तुझा आवाज मोठा आहे. सगळं खरं सांग, मी शेजारी बसतो.

बाकी भेटीत.
नाना