सवय झाली

ता. ४ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या खात्याचे फॉर्म भरून आजच टपालात टाकले. शाळा सुटली की रोज वीस घरं, पायांचे तुकडे पडले. तुमचा सातवा प्रश्न, नदीपलीकडच्या देशाची भीती वाटते का. कोणी धड हो किंवा नाही म्हणालं असेल तर शपथ. न्हावी, शिंपीण, पोस्टमन, सगळ्यांचं एकच, सवय झाली. खोटं तरी कसं म्हणू? त्यांची विमानं छपरावरून गेली की माझ्या वर्गातली मुलं आपसूक बाकाखाली जातात आणि तिथूनच पाढे पुढे म्हणतात. मीही थांबवत नाही. म्हणून तुमचे दोन्ही चौकोन सोडून बाजूला तेच शब्द लिहिलेत.

या फॉर्मांवर शाळेखाली मुलांच्या आसऱ्याला तळघर बांधायचं की नाही ते ठरणार, नाहीतर मी कशाला या भानगडीत पडते. आईचाही फॉर्म त्यात आहे. तुझ्याकडे राहायला यायचा विषय काढला की तिला ऐकू येत नाही. बाकी बरी आहे.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
तुझी ताई

ता. २९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र आठ दिवस टाळत होतो. आमच्या मशीनला हो आणि नाही एवढंच कळतं. साहेबांनी विचारलं, सवय झाली म्हणजे काय धरायचं. चारशे फॉर्म बाकी होते, डोकं चालत नव्हतं. मी म्हणालो, सवय झाली म्हणजे भीती गेली, नाही धरा. गेल्या आठवड्यात पेपरात आलं, सीमेवरची जनता निर्भय. तुमची शाळा तळघरांच्या यादीतून गेली. ताई, हे माझ्यामुळे झालं. आईची वाकडी सही पाहून मी हसलोसुद्धा, आणि नाहीवर खूण केली.

साहेबांपुढे नाक घासून फेरचौकशी मिळवलीय. वीस एप्रिलच्या आत फॉर्म हवेत. या खेपेला कृपा करून हो किंवा नाही. शिव्या घाल, पण पत्रातून घाल.

माया आटू देऊ नकोस.
तुझा ढब्बू

ता. १२ एप्रिल

चि. ढब्बूस आशीर्वाद, राग गेला नसला तरी.

भांडायचंही त्राण नाही. पुन्हा दारोदार हिंडले. शिंपीण म्हणाली, हो लिहिलं तर लेक उद्याच येऊन आपल्याला सामानासकट घेऊन जाईल. न्हाव्याचं तेच, पोस्टमनचं तेच. सगळ्यांची पोरं तुझ्यासारखी लांब, आणि कोणालाच आपलं घर सोडायचं नाही. इतके दिवस हे लोक तुम्हा पोरांनाच उत्तर देत होते.

आईने फॉर्म दोन दिवस उशीखाली ठेवला. शेवटी मी तिला वर्गात आणून बसवलं. विमान गेलं, पंचेचाळीस मुलं बाकाखाली गेली, पाढे चालू राहिले. घरी येऊन तिने स्वतः हो वर खूण केली, कागद फाटेपर्यंत दाबून. मग त्यांनाही हो म्हणायला लावायला शिंपिणीकडे गेली, तिथून न्हाव्याकडे. फॉर्म सोबत आहेत, आईचा सगळ्यात वर. आता तरी नीट वाच.

तू न्यायला येणार हे तिला ठाऊक आहे. तळघराचा स्लॅब पडेपर्यंत येऊ नकोस, एवढं कळवायला सांगितलंय. पलंगाखालची ट्रंक तिने बाहेर काढून पुसून ठेवलीय.

तुझी ताई