विहिरीतला दम

अंदमान, १४ फेब्रुवारी

प्रिय पप्पा,
तुम्हाला अन् मम्मीला सलाम. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. मी मजेत आहे. जेवण पोटभर मिळतं, फक्त भाकरी नाही.

पर्यटकांना समुद्राखाली फिरवून आणायचं काम शिकतेय. काल त्याची परीक्षा होती. पाण्याखाली सरांनी खूण केली, तुझ्या टाकीतली हवा संपली असं समज. विहिरीत पडलेली पाण्याची मोटार काढताना तुम्ही धरता, तसा मी दम धरला. साठपर्यंत शांत मोजलं. वाटलं, शाबासकी मिळेल.

सरांनी नापासच केलं! म्हणाले, "शेजारच्याकडे त्याच्या टाकीतली हवा का मागितली नाहीस? जी स्वतः मागत नाही, तिच्या हाती लोक कसे देऊ?"

माझं डोकंच चालेना. पुणतांब्याच्या विहिरीत आपण कुणाकडे मागणार होतो? तुमचं शिकवणं चुकलं, की माझं शिकणं? शनिवारी पुन्हा परीक्षा आहे. मागायचं ठरवलंय, पण हात पुढे होईल का?

कान डॉक्टरांना दाखवला का? अजून एकटेच उतरता का? निदान दोर धरायला स्टीफनकाकांना हाक मारा. हाक मारणं तुम्हाला किती जड जातं, ते मला काल कळलं.

तुमचीच,
रूथ