हात खिशात ठेवून हिमालय

३० मार्च, पाडवा. सकाळी
संकल्प सोडला. मे अखेर हिमाचल. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क. पाच दिवस पायी, मुक्काम तंबूत. मी, संयोगिता आणि तिचा भाऊ ऋतुराज. बुकिंग, परमिट, गाईड हे किरकोळ सगळं ऋतुराजनं केलं. नेतृत्व माझं.

संयोगितानं गुढीसमोर उभं राहून अट घातली. गाडीत बसेपर्यंत कुणावर हात उचलायचा नाही. उचलला तर ती माझ्याबरोबर येणार नाही. हे सगळं पेठ वडगावच्या लग्नामुळे. तिथं मी बँडवाल्याचा ट्रंपेट वाकवला. फक्त ट्रंपेट. तो त्या वेळी त्याच्या तोंडात होता, हा त्याचा दोष.

अट मान्य केली. हनिमूनला महाबळेश्वरला गेलो, त्यानंतर वीस वर्षांत आम्ही दोघं कुठं गेलेलो नाही. (तिथंही सुरुवात घोडेवाल्यानं केली होती.) तिला या ट्रिपची फार हौस आहे. मी मुळात शांत माणूस. लोक राहू देत नाहीत.

२ एप्रिल
ट्रेकिंगचे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, काका, तुमचा पाय पसरट, तुम्हाला चप्पलच बरी. बूट चढवले, चालून बघतो म्हटलं आणि त्याच्या पायावर जाऊन उभा राहिलो. सगळं वजन टाकून. खाली बसला. ग्रिप उत्तम आहे. माझे दोन्ही हात कमरेवर होते.

६ एप्रिल, रविवार
ऋतुराजबरोबर पन्हाळ्याला चालत जायचा सराव. पंपाचं दुकान घरचंच, त्यामुळे सॅकमध्ये वजनाला बिडाचे पार्ट भरले. वाघबीळच्या चढाला बसलो. दम लागला म्हणून नाही, निसर्ग बघायला. पुण्याचे सायकलवाले थांबले. एकानं पाणी दिलं. वर म्हणाला, या वयात जपायला हवं.

उठलो आणि वळलो. सॅक त्याच्या कानशिलात बसली. सायकलीसकट करवंदीच्या जाळीत गेला. त्याचे दोस्त अंगावर आले, म्हणून परत वळलो. आणखी दोघे गेले. एकाचा दात डांबरावर सापडला. वळण्याला मारामारी म्हणत नाहीत.

ऋतुराजनं सगळ्यांना उचललं, रक्त पुसलं, माफी मागितली. मी थकल्यामुळे मागितली नाही. उतरताना म्हणाला, दाजी, मी हे ताईला सांगत नाही, पण तिला खरंच जायचंय हो. मी म्हटलं, मग मला काय हौस नाही?

११ एप्रिल. पहाट
मेडिटेशनचं ॲप घेतलं. एक बाई हळू आवाजात श्वास सोडायला सांगते. सोडला. शेजाऱ्यानं बुलेट चालू केली. बाई म्हणाली, आवाजाकडे दुर्लक्ष करा. केलं. त्यानं रेस दिली. बाई म्हणाली, आता चेहऱ्यावर हलकंसं हसू आणा. मोबाईल भिंतीवर मारला. काच फुटली, पण बाई थांबेना, जमिनीवरून हसायला सांगत राहिली. मग बुटानं थांबवली.

मोबाईल म्हणजे कुणी नव्हे. संकल्प शाबूत. भिंतीला खड्डा पडला, तिथं हिमालयाचं पोस्टर लावलं.

१७ एप्रिल
फिटनेस सर्टिफिकेट लागतं. डॉ. त्र्यंबकांकडे गेलो. बीपीचा आकडा बघून त्यांनी मशीन बदललं. दुसऱ्या मशीनवर जास्त आला. म्हणाले, उंचीवर माणूस चिडका होतो, तुमचं तर खालीच हे असं. मी स्टूलला लाथ घातली. स्टूल उडून कंपाउंडरच्या गुडघ्यावर बसलं. स्टूलनं काय करावं हे माझ्या हातात नाही. डॉक्टरांनी सर्टिफिकेट लगेच दिलं. म्हणजे तब्येत ठणठणीत.

संयोगिता हल्ली पहाटे रंकाळ्याला चालायला जाते. चांगलंच. माझ्या स्पीडला टिकली पाहिजे.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळी
फुटबॉलची फायनल. आमच्या पेठेच्या तालमीची टीम विरुद्ध सासुरवाडीच्या पेठेची टीम. लग्नात पंगतीला बसलेले व्याही अशा दिवशी एकमेकांना ओळख देत नाहीत, ते बरोबरच आहे. संयोगिता म्हणाली, जाऊ नका. मी म्हटलं, प्रेक्षक नाही, तालमीचा स्वयंसेवक म्हणून जातोय. पिवळं जॅकेट, पाठीवर 'शांतता राखा'. सबंध मॅच दोन्ही हात पँटच्या खिशात.

शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. खोटी. बाटल्या आल्या, चपला आल्या, एक वीट आली. आमच्याकडनं खुर्च्या गेल्या. मी शांतता राखत तीन जणांच्या नडग्या फोडल्या. एकाच्या बरगडीत गुडघा घातला, तो कण्हत पायऱ्यांवरून घसरत गेला. एवढ्यात त्यांच्या जर्सीतला, तोंडाला रुमाल बांधलेला एक जण गर्दी कापत थेट माझ्याकडे आला आणि त्यानं माझा दंड धरला. 'पावणं, सोडा' म्हणालो. सोडेना. डोकं घातलं. काठी मोडावी तसा आवाज झाला.

रुमाल खाली आला. ऋतुराज. नाक एका गालावर गेलेलं, रक्त हनुवटीवरून जर्सीवर. म्हणाला, ताईचा फोन आला होता, तुम्हाला बाहेर काढायला आलोय.

२१ एप्रिल
मुद्दे लिहून काढले. एक, हात खिशात होते. साक्षीदार आहेत. दोन, रुमाल बांधून येणं ही ऋतुराजची चूक. तीन, आमच्या पेठेच्या माणसाला सोडवायला समोरच्या पेठेची जर्सी घालून येतात का? चार, माझ्याही कपाळाला टेंगूळ आहे.

संयोगितानं बर्फ आणून दिला. दवाखान्यात भावापाशी दिवसभर बसली आणि रात्री येऊन माझ्यासाठी भाकरी टाकली. म्हणजे हात न उचलल्याचं तिनं मान्य केलं. बाई समजूतदार आहे.

३ मे
तयारी जोरात. ऋतुराजचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी त्याला जायची परवानगी दिली. त्याला फोन केला. उचलला नाही. नाक दुखत असेल. संयोगिता रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाते, दोघं यादी करतात. मी विचारलं, माझ्या स्लीपिंग बॅगचं काय? म्हणाली, बघू. तळपायाची आग मस्तकात गेली, पण ताट फक्त अंगणात फेकलं. तिनं ते उचलून घासून ठेवलं.

२७ मे, मंगळवार. स्टेशनवरून आल्यावर
निजामुद्दीनची गाडी. बूट, टोपी, काठी, सॅक, पूर्ण पोशाखात पोचलो. संयोगिता भावाबरोबर आधीच पुढं गेलेली. ऋतुराज खिडकीत. नाकाला पट्टी, नमस्कार केला नाही. तिसऱ्या सीटवर माझी सख्खी बहीण इरावती डबा उघडून बसलेली. मला बघून झाकण लावलं. विचारलं तर म्हणाली, वहिनीनं तुझं तिकीट कधीच रद्द केलंय.

संयोगिता गाडीच्या दारात आली. मी मुद्दे सांगायला लागलो. खिसा, साक्षीदार. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता बोलली.

"तुमचा हात खिशात हुता, ठावं हाय मला. मी तुमास्नी भ्याले वीस वर्षं, ते काय नुसत्या हाताला न्हाय. आता तो डोंगर चढून बघते. चढता आला, तर परत येऊन ऱ्हायचं का न्हाय, ते ठरवते."

कुणाला तरी मारावं असं फार वाटलं. बघितलं इकडंतिकडं. सगळे आपापल्या गडबडीत होते. गाडी हलली. ती दारातून आत गेली. मी काठी धरून उभा.

घरी आलो. बुटाच्या नाड्या गाठ बसल्यामुळे सुटेनात, तसाच खुर्चीत बसलोय. फ्रीजमध्ये तिनं दोन दिवस पुरेल एवढी आमटी करून ठेवली आहे. गाडी पोचायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पोचेपर्यंत तरी तिला माझी काळजी आहे, हे उघड आहे.

त्याच्या पुढचं विचारायचं राहून गेलं.