कारंज्याची उचकी

तीर्थरूप आत्यास,

भाचीचा साष्टांग नमस्कार (टेबलाशी बसूनच घातलाय, गोड मानून घे). तुझा गुडघा आता किती अंशांत वाकतो? बाबा म्हणाले, नव्वदच्या आसपास येऊन अडतो. जन्मभर तू पोरांना त्रिकोणमिती शिकवलीस, तेव्हा डॉक्टरांनी कोन मोजला की तू तो पुन्हा तपासत असशील, याबद्दल मला शंका नाही. इकडे सगळं ठीक, म्हणजे नोकरी अजून आहे.

बागेतलं नाचरं कारंजं आमच्या कंपनीचं, हे तुला ठाऊक आहेच. त्याच्या तोट्या डावीउजवीकडे झुलतात, त्यांना झुलवणारा प्रोग्राम माझा. (तोटीने किती कलायचं ते साइनवरून ठरतं. तुझाच विषय, फक्त ओला.) उद्घाटन झकास झालं. तीनेक महिन्यांनी मी मोठ्या हौसेने बाबांना दाखवायला नेलं आणि पहिल्या रांगेतल्या बाकावर बसवलं. तोट्या झुलायच्या सोडून उचकी लागल्यासारख्या हिसके देत होत्या, आणि त्यातल्या एकीने हिसक्याच्या भरात कठड्यापलीकडे फवारा सोडून बाबांना नखशिखांत आंघोळ घातली. बाबांनी चष्मा काढला, पुसायला रुमाल काढला, तर तोही भिजलेला. मग शांतपणे विचारलं, "हे तू केलंस?"

बागवाल्यांनी कंत्राट मोडायची भाषा सुरू केली. आमचे मालक मला म्हणाले, "साइन म्हणजे साइन. शाळेत होतं तेच. त्यात बिघडायला आहे काय?" मी शेवाळलेल्या पंपघरात जाऊन माझा प्रोग्राम चालवणारं मशीन बंद करून चालू केलं, तर कारंजं शहाण्या बाळासारखं झुलायला लागलं. मालकांच्या मते विषय संपला. पण औषध न देता बरं झालेलं दुखणं मला कधीच पटत नाही. मी तसंच दुसरं मशीन टेबलावर मांडलं आणि त्याला खोटंच सांगितलं, की बाबा रे, तू तीन महिने अखंड चालू आहेस. लगेच उचकी.

त्याचं असं आहे, की या मशीनला कुठल्याही आकड्याचे पहिले सातेक अंकच लक्षात राहतात. चालू झाल्यापासून कोन वाढतोय, फेऱ्यांवर फेऱ्या. आकडा अवाढव्य झाला तशी त्याची शेपटी गळली. (पोत्यांनी तांदूळ असलेल्या घरात चिमूटभर वाढला तर कोणाला कळतंय?) कोन जागचा हलेना, आणि हलला की एकदम उडी. साइन बिचारी निर्दोष होती, विचारलेल्या कोनाचं उत्तर ती चोख देत होती. उपाय तू शिकवलेलाच: फेरी पुरी झाली की ती वजा करून पुन्हा शून्यापासून मोजायचं.

मग मला चाळाच लागला. मशीनला पायची, म्हणजे अर्ध्या फेरीच्या कोनाची, साइन विचारली. शून्य यायला हवी, तर शून्याच्या उंबऱ्याशी घुटमळणारं, उणे, अगदी किंचित काहीतरी आलं. आधी वैतागले. मग कळलं, की पायचे अंक कधी संपत नाहीत, त्यामुळे अख्खा पाय मशीनमध्ये मावतच नाही. (तुझ्याच गुडघ्याला नाही, इथेही पायाची अडचण आहे.) मी दिलेला पाय खऱ्यापेक्षा केसभर मोठा होता, आणि उत्तरात आलं होतं ते जवळजवळ तेवढंच केसभर जास्तीचं. माझी चूक मशीनने मोजून मलाच परत दिली होती. त्या आकड्याकडे मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. तुझं वर्गात कधी असं झालंय का गं?

कंत्राट वाचलं. मालक आता साइनविषयी जपून बोलतात.

तुझी लाडकी (असं मी धरून चालते),
भाची

ता. क. वीज वाचवायला बागवाले आता कारंजं रोज रात्री बंद करतात, असं आत्ताच कळलं. म्हणजे मी काहीही केलं नसतं, तरी उचकी परत लागली नसती.

ता. क. २. खरं काम हे. बाबा त्या बागेचं नाव काढू देत नाहीत, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं काही चालत नाही. रविवारी गुडघ्याला चालणं हवं म्हणून त्यांना घेऊन ये. तुम्ही दोघं मागे बसा. पहिल्या रांगेत मी बसते.