खालच्या दोन खुंट्या

प्रिय भाऊ हमद,

फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तू इथल्या उन्हाची चौकशी करतोस. ऊन नेहमीसारखंच आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही ओळखीच्या हाती.

तुझी लाल गाडी मस्कतबाहेर आमरातच्या चढावर उकळली. काटा वर जायला लागला तशी मी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला, तूच शिकवलं होतंस तसा. शेजारी अम्मा होती. ती म्हणाली, "मला जिवंत भाजून तुला काय मिळणार आहे, एवढं सांग." चढ संपल्यावर बॉनेट उघडलं, तर रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी सांध्यावर चिरली होती. बाबा म्हणाले, गाडी विकून टाकू, पण आधी नवा रेडिएटर घाल. उकळणारी गाडी मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही. निवड माझ्यावर सोपवली.

वादी कबीरच्या बाजारात पीर बख्शच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. मूळ कंपनीचा रेडिएटर जहाजाने यायचा, केव्हा ते कुणी सांगेना. बाहेरच्या कंपन्यांचे दोन होते. एक मूळच्यासारखाच, प्लास्टिकच्या टाकीचा, हाताला हलका लागणारा. दुसरा सगळा ॲल्युमिनियमचा, जाड, दुहेरी नळ्यांचा. त्याच्या सांध्यांवरून मी बोट फिरवत होते, तेवढ्यात पीर बख्शने विचारलं, गाडी खलीजी की वारिद? म्हणजे इथल्या उन्हासाठी बनवून इथेच विकलेली, की अमेरिकेतून ठोकलेली आणून सरळ केलेली. मी म्हटलं, खलीजी. माझ्या चुलतभावाने, याकूबने, पहिल्यापासून वापरून आम्हाला विकलेली आहे.

"सगळे खलीजीच म्हणतात," पीर बख्श म्हणाला. "वारिद गाडी घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय."

मला त्याचा संशय आला. गाडीला नावं ठेवायची आणि महागडा माल पुढे सरकवायचा, हे सगळीकडे चालतं. तरी जाड ॲल्युमिनियमचाच बरा वाटला. तो लावायला घेतला, तर बसेना. त्याच्या खालच्या दोन खुंट्या आडव्या पट्टीतल्या भोकांत उतरायला हव्या होत्या. डावी उतरली, उजवी बोटभर बाहेर राहिली. मी म्हटलं, तुझा माल खोटा आहे. त्याने निमूटपणे दुसऱ्या कंपनीचा आणून धरला. तोही तिथेच अडला. मग तो खाली वाकला आणि पट्टीवर जोडकामाची एक रेघ दाखवली, वरून लाल रंग मारलेली.

"रेडिएटर सरळ आहे, पोरी. गाडी वाकडी आहे."

हे मी घरी सांगायला नको होतं. ईदपासून आमच्या घरात काय चाललंय ते तुला माहीत आहे. काकांनी याकूबसाठी मला मागणी घातली आहे आणि बाबांनी रीतीप्रमाणे चौकशीला वेळ मागून घेतला आहे. मशिदीत विचारलं, याकूबच्या कचेरीत विचारलं, त्याच्या बरोबरच्या मुलांना विचारलं. कुणी वावगं बोललं नाही. आणि मग मी येऊन सांगितलं की त्याने आपल्याला विकलेली गाडी ठोकलेली आहे.  बाबा अम्माला म्हणाले, "सख्ख्या काकाला वाकडी गाडी सरळ म्हणून देतो. त्याच्या हातात मुलगी देऊ?"

मीही संशय घेतला, हमद. पीर बख्शकडे निघण्याआधी मी याकूबला फोन केला होता, कोणता घेऊ म्हणून. तो लगेच म्हणाला होता, खुंट्यांचा घेऊ नकोस, वरून पट्ट्यांनी धरणारा मिळतो, तो घे. तेव्हा मी नीट ऐकलं नाही. नंतर रात्रभर तेच डोक्यात. त्याला आधीच कसं ठाऊक होतं?

शुक्रवारी तो आला. बाबांनी खजूर पुढे केले, स्वतः कॉफी ओतली आणि सरळ विचारलं, गाडी दिलीस तेव्हा ती ठोकलेली होती का? मी दाराआड उभी होते. याकूब म्हणाला, "जबाबदारी माझी, काका." पहिल्याच पेल्यानंतर त्याने पुरे म्हणून पेला हलवून परत दिला आणि उठला. बाबांनी ते हो म्हणून ऐकलं. मीही. तो हो म्हणाला नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासताना सुचलं.

मी परत पीर बख्शकडे गेले. गाडी अजून तशीच उघडी होती. मी बॉनेटच्या कडेचं रबर उपसून काढलं, आधी डावीकडचं. आत हिरव्या पट्टीचा तुकडा चिकटलेला होता. नोव्हेंबरात राष्ट्रीय दिनाला आपण दोघांनी गाडी सजवली होती, आठव. झेंड्याच्या पट्ट्या दोन्ही कडांवरून आत दुमडल्या होत्या, वाऱ्याने सुटू नयेत म्हणून. उजवीकडचं रबर काढलं. तिथे पट्टी नाही, डिंक नाही, कागदाचा कण नाही. नुसता रंग, डावीपेक्षा किंचित जाड. म्हणजे ती बाजू पट्ट्या लावल्यानंतर नवी झाली आहे. आणि त्या नोव्हेंबरात गाडी आपली होती, याकूबची नव्हती.

मग एकेक जुळत गेलं. जानेवारीत तू गाडी याकूबकडे ठेवली होतीस, एसीचा गॅस भरायला. जानेवारीत, हमद. मस्कतमध्ये. आम्ही कुणी हसलोसुद्धा नाही. त्याच दिवसांत तुझी मान वळत नव्हती. उशी वाकडी झाली म्हणालास आणि अम्माने तेल चोळून दिलं. गाडीला पहिला ओरखडा आला की किल्ली परत आणि परदेशही विसर, असं बाबांनी तुला बजावलं होतं. मे महिन्यात तू क्वालालंपूरला गेलास. याकूबने तोंड उघडलं नाही. अजूनही उघडलेलं नाही.

तू त्याच्याकडून शब्द घेतलास, की त्याने आपणहून दिला, ते मला माहीत नाही. विचारलं तर तो सांगणार नाही, आणि सांगितलं तर तो याकूब राहणार नाही.

बाबा येत्या शुक्रवारी नमाजानंतर काकांना नकार कळवणार आहेत. त्यांना वाटतं, मलाही तेच हवं आहे. मी काही बोलले नाही म्हणून. मी बोलले नाही कारण मला लाज वाटत होती, आणि संशयही होता. आता दोन्ही नाही. मला त्याच्याच घरी जायचं आहे. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगते आहे. शुक्रवारच्या आत बाबांना फोन कर. काय सांगायचं ते तुझं तू ठरव, पण गाडी कुणी ठोकली ते सांग. ते ओरडतील. तुला परत बोलावतील असं मला वाटत नाही, पण तशी खात्री देत नाही. तुझा फोन आला नाही तर शुक्रवारी सकाळी मी स्वतः त्यांच्यासमोर बसेन. मग मला तुझा अपघात सांगावा लागेल, आणि हे पत्र मिळूनही तू गप्प राहिलास, तेही.

अजूनतरी तुझीच,
रय्या