बुरुजाची किल्ली

३ ऑक्टोबर
आज परत एक जण न विचारता थेट स्वयंपाकघरात! मी घेवडा सोलत होते, त्याने माझाच फोटो काढला. म्हणतो, "हे म्युझियम ना?" म्हटलं, "हो, आणि मी त्यातला सांगाडा." पळाला.

चूक पाटीचीही आहे. बुरुजाच्या दारावर लिहिलंय — किल्ली समोर, झेलिंदाकडे. म्हणून आल्यागेल्याला माझं दार आपलंच. आधी आजीकडे होती किल्ली, मग आईकडे. किल्लीवालीनं पाहुण्याबरोबर वर जायचं, ही इथली रीत. घंटेला हात लावू द्यायचा नाही.

आज अर्ध्या जिन्यातूनच परतले. खुबा पुढे जाऊ देईना. सोबतच्या जर्मन जोडप्याला सांगितलं, वर वटवाघळं आहेत.

६ ऑक्टोबर
लोरेदानाचा फोन. "आई, थंडीच्या आत खाली माझ्याकडे यायचं. खुब्याचं ऑपरेशन करून टाकू." पोटची पोर, पण बोलते मुकादमासारखी!

म्हटलं, किल्लीचं काय? म्हणे, नगरपालिकेला दे. — त्यांनी तर बजावूनच ठेवलंय, सोबत वर जाणारं कुणी नसेल तर बुरुजाला साखळी. एवढी युद्धं झाली, तेव्हा नाही बंद पडला! आणि घंटा? तासाचे टोले आता यंत्र देतं. पण माणूस गेलं की दोरी हातानंच ओढायची. बाईला दोन-दोन टोले, पुरुषाला तीन-तीन. यंत्राला काय कळतंय कोण गेलं.

हिवाळ्यात गावात उरतो कोण? मी, आणि शेजारची ओर्तेन्सिया. तिच्याशी मी बोलत नाही. मिरवणुकीच्या दिवशी सजावटीला खिडकीत चादर अशी पसरली बयेनं की माझी जिरेनियमची कुंडी खाली फुटली. तेव्हापासून अबोला. किल्ली दुसऱ्या कुणालाही देईन, तिला नाही.

७ ऑक्टोबर
पाऊस. पाहुणे नाहीत. बरं झालं.

९ ऑक्टोबर
सकाळी खिडक्या उघडल्याच नाहीत. उघडल्या की पाहुणे, पाहुणे आले की जिना. उशी डोक्यावर घेऊन पडले. इथे एखादीच्या खिडक्या बंद दिसल्या की शेजारणीनं जाऊन बघायचं — हे माझ्या ध्यानातच नाही!

खालून दारातून हाक आली, "झेलिंदा?" ओर्तेन्सिया! मी कशाला ओ देऊ?

थोड्या वेळानं घंटा. दोन. थांबून परत दोन. कोणती बाई गेली? उठले, खिडकी ढकलली, ओरडले, "कोण गेली गं?"

वरून रडका आवाज — "झेलिंदा गेली!"

 मग घंटेशेजारून ओर्तेन्सियाचं डोकं बाहेर आलं. "मेली नाहीस होय, चेटकिणी!"

"माडीवर येऊन बघायला काय झालं होतं, भित्रे?"

दारामागच्या खिळ्यावरची किल्ली नेली होती, ती द्यायला आली. डोळे लाल. धाप मात्र नाही — एवढा जिना चढून! कॉफी ठेवली. कुंडीचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.

टोले चोख दिले तिनं. घाई नाही, एक ओढ चुकली नाही. आईच्या वेळी मी दिले होते तसेच. स्वतःचे टोले ऐकायला मिळतात कुणाला? मला मिळाले. आवडले, असं तिला सांगितलं नाही.

१२ ऑक्टोबर
लोरेदाना मला न्यायला गाडी घेऊन आलीय. किल्ली ओर्तेन्सियाच्या खिळ्याला. माझ्या खिडक्या रोज सकाळी तिनंच उघडायच्या. आणि बुरुजासाठी कुणी माझं दार वाजवलं, तर ओ ओर्तेन्सियानं द्यायची.