चुकून गेलेलं पुस्तक

परंडा, मंगळवार, संध्याकाळ

आज वाचनालयात मी खोटं बोलले. नववीतली अश्विनी मागच्या आठवड्यात माझ्या टेबलाशी घुटमळत होती. तिनं काही मागितलं नव्हतं, पण मीच तिला एक कादंबरी काढून दिली. त्यात एका मुलीचा आपल्या मैत्रिणीवर जीव जडतो.

आज तिची आई ते पुस्तक घेऊन आली.

"म्याडम, हे तुमीच दिलं का?"

"चुकून गेलं असेल," मी म्हणाले. वीस वर्षं पुस्तकं देतेय, आणि चुकून? कशाची भीती वाटली मला?

त्यांचा चेहरा पडला. "मला वाटलं, समजून दिलं. वाचून पोरगी लई रडली, मग मला समदं बोलली. आता तिच्याशी कसं बोलावं, ते कुणाला इचारू?"

मी त्यांना खुर्ची दिली. "चुकून नाही, ताई. निवडूनच दिलं होतं."

त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ बसलो, बोललो. उठताना त्यांनी पुस्तक परत पिशवीत टाकलं. "म्या बी वाचते. येळ लागंल, चालंल का?"

चालेल म्हणाले. परतीची तारीख मुद्दामच घातली नाही.